टँकमधलं झेनिया खरवडताय? आधी पंप बंद करा

केंदाळ म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. इचलकरंजीच्या बाजूला पंचगंगा अख्खी झाकणारी ती जलपर्णी. काठावर ओढून ढीग लावला तरी चार रोपं पाण्यात राहिली की पुन्हा जैसे थे. हे बघतच मोठा झालो, आणि घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तीच चूक केली.

मित्राकडून झेनिया या मऊ प्रवाळाचा फ्रॅग, म्हणजे लावायला तोडलेला तुकडा, आणला होता, बोटाच्या पेराएवढा. मूठ उघडझाप करावी तशी त्याची फुलं हलतात, बघतच बसावं. सहा महिन्यांत त्यानं दगड झाकला, मग मागची काच, मग पंपाची जाळी. एका रविवारी वैतागून जुन्या एटीएम कार्डानं जागच्या जागी खरवडलं, तेही पंप चालू ठेवून. तुकडे टँकभर फिरले आणि अडकले तिथं रुजले.

म्हणून आधी पंप बंद. दगड निघत असेल तर टँकचंच पाणी घेतलेल्या बादलीत ठेवून चिमट्यानं बुडासकट ओढा. निघत नसेल तर सायफनच्या नळीचं तोंड अगदी कापायच्या जागी धरा, सुटलेला तुकडा थेट नळीत गेला पाहिजे. नंतर थोडं पाणी बदला, पाणी गाळायचा कार्बन टाका. नवा फ्रॅग वाळूत एकट्या दगडावर ठेवा. दगडाला दगड टेकला की हे पलीकडे सरकतंच. लाइट बंद ठेवून मारायला जाल तर बाकीची कोरलं आधी जातील.

सगळ्यात महाग चूक दयेपोटी होते. ‘मालवणला चाललोच आहे, समुद्रात सोडून येतो.’ नको! व्हेनेझुएलातल्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात झेनियाच्याच कुळातल्या एका मऊ प्रवाळानं मूळचे कठीण प्रवाळ झाकून गुदमरवले. ते मूळचं हिंद-प्रशांत महासागरातलं. मत्स्यटाकीच्या धंद्यातूनच तिकडं पोचलं असं मानतात. सन कोरल नावाचं प्रवाळही असंच परक्या समुद्रात पसरलं, वाट मात्र वेगळी. 1943 साली कॅरिबियनमध्ये क्युरासाओला दिसलं, 1980 च्या दशकात ब्राझीलच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर. त्याला जगायला उजेडही लागत नाही. बारीक तुकड्यातून ते नव्यानं वाढतं, त्यामुळे तिथल्या पाणबुड्यांनाही छिन्नीनं काढताना कपचा न् कपचा पिशवीत भरावा लागतो. (सन कोरल कठीण प्रवाळांत मोडतं, आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ आहेत. कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हटलं तरी हात लावू नका.)

मालवणला डायव्हिंग करून आलात तर मास्क, फिन्स गोड्या पाण्यानं धुऊन कडक वाळवा, मगच दुसऱ्या समुद्रात न्या.

टँकमधून काढलेलं झेनिया मी नळाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवतो. गोड्या पाण्यात ते टिकत नाही. सकाळी गाळून गच्चीवर वाळवायचं आणि घंटागाडीत. वास सुटतो, आई ओरडते, पण बादली गच्चीवरच राहते.