‘पेशंट शांत झोपलाय’ असं लिहिण्याआधी

मेडिसिन किंवा ऑर्थोच्या वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि इंटर्न मंडळींसाठी हे लिहिलंय. बीपी घेणं, सलाईन लावणं, चार्ट भरणं तुम्हाला येतं, हे धरूनच चालू या. सत्तरीपुढच्या पेशंटच्या बाबतीत नवा माणूस हमखास फसतो तो एका ठिकाणी: डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, ओळखण्यात. आणि इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

ओरडणारे, सलाईन उपसून काढणारे आजोबा सगळ्यांना दिसतात. त्यांच्यासाठी रात्री दोन वाजताही डॉक्टरांना फोन जातो. पण डेलिरियमचा दुसरा प्रकार आहे, हायपोॲक्टिव्ह. त्यात माणूस मंद होत जातो. नाश्त्याचा उपमा तसाच पडून असतो. हाक मारली की डोळे उघडतात, ‘हं’ येतं, डोळे पुन्हा मिटतात. नातेवाईक म्हणतात, रात्रभर झोप नव्हती, झोपू द्या. मग केसपेपरवर ‘पेशंट कम्फर्टेबल’ अशी नोंद होते आणि पुढची शिफ्ट तीच नोंद उतरवते. त्याच वेळी सोडियम उतरलेलं असतं, न्यूमोनिया सुरू झालेला असतो किंवा लघवी तुंबलेली असते. म्हाताऱ्या शरीरात इन्फेक्शन झालं की ताप चढेलच असं नाही, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असंही नाही. पुष्कळदा पहिला बदल दिसतो तो जागेपणात आणि लक्ष देण्यात. तो बदल शांत असतो, म्हणूनच निसटतो.

‘वय झालंय, असंच असतं’ हे वाक्य वॉर्डात कुणीही म्हणालं, अगदी सीनियरने म्हटलं, तरी तिथे थांबू नका. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांत वाढतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळच्या राउंडला नीट बोललेल्या आजी संध्याकाळी सुनेला ओळखत नाहीत, ती हीच गोष्ट. दोन्ही एकत्रही असतात. डिमेन्शिया असलेल्यांना डेलिरियम अधिकच होतो. फरक कळतो एका प्रश्नाने, आणि तो घरात रोज सोबत राहणाऱ्या माणसाला विचारायचा: ‘चार दिवसांपूर्वी हे असेच होते का?’ नुसतं हो-नाही घेऊ नका. चहा स्वतः घेत होते का, मोरीपर्यंत चालत होते का, पैसे मोजता येत होते का, ते विचारा. परगावाहून आजच पोचलेल्या मुलापेक्षा सून किंवा सांभाळणाऱ्या बाई याचं उत्तर नेमकं देतात. ही माहिती दाखल करतानाच केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा. तिसऱ्या दिवशी तुलना करायला तीच लागते.

तपासायला ‘फोर एटी’ (4AT) ही डेलिरियमची छोटी चाचणी वापरा, दोन मिनिटं पुरतात. जागेपणा स्पष्टपणे बिघडलेला असेल, म्हणजे पेशंट उठवूनही पेंगत असेल किंवा फार अस्वस्थ असेल, तर ४ गुण. वय, जन्मतारीख, आत्ता कुठे आहात आणि साल, या चार प्रश्नांत एक चूक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर २. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगायचे: सात किंवा जास्त बरोबर आले तर ०, कमी आले किंवा सुरूच केलं नाही तर १, तपासताच आलं नाही तर २. बदल अचानक झालेला किंवा कमीजास्त होणारा असेल तर ४. बेरीज ४ किंवा जास्त झाली की डेलिरियम धरून डॉक्टरांना कळवा.

इथे आपल्याकडची अडचण अशी की कित्येक आजींना जन्मतारीख कधीच माहीत नव्हती, आणि डिसेंबरपेक्षा मार्गशीर्ष जवळचा असतो. गुण ठरलेल्या पद्धतीनेच द्या, पण शेजारी आणखी एक ओळ लिहा: वार उलटे सांगता आले का. रविवार, शनिवार, शुक्रवार... इथे शिकलेलं असण्याचा प्रश्न येत नाही. मध्येच थांबून खिडकीकडे पाहत राहणं, शुक्रवारवरून पुन्हा शनिवारवर जाणं, प्रश्नच विसरणं, हे लक्ष टिकत नसल्याचं लक्षण आहे. ऐकायला येत नसेल तर आधी कानाचं मशीन लावा, चष्मा द्या. मशीन घरी राहिलं असेल तर संध्याकाळी आणायला सांगा.

डॉक्टर येईपर्यंत तुमच्या हातात बरंच काही असतं. ग्लुकोमीटरवर शुगर, ऑक्सिजन, बीपी, श्वास मोजून. मग ओटीपोटावर हात ठेवा. डायपर ओलं आहे म्हणजे लघवी होतेय, असं समजू नका. तुंबलेल्या मूत्राशयातूनही थेंब थेंब गळतं. बेंबीखाली गच्च, दाबल्यावर दुखणारं लागलं तर लगेच सांगा. शौचाला शेवटचं कधी झालं ते पाहा. चार दिवस काही नाही आणि आज पातळ होतंय, तर ते साठलेल्या खड्याच्या बाजूने आलेलं असू शकतं. तिथे जुलाब थांबवायची गोळी दिली तर त्रास वाढतो. दुखतंय का, हे विचारा आणि कुशीवर वळवताना चेहराही बघा. शेवटी औषधांचा चार्ट: काल-परवा नवं काय सुरू झालं, घरचं काय अचानक बंद झालं. झोपेची रोजची गोळी, दारू किंवा मिश्री एकदम सुटली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचंच.

रात्र शांत जावी म्हणून फेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन या गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधांचं इंजेक्शन ठोकण्याची सवय कुणी ‘युक्ती’ म्हणून शिकवली, तर ती शिकू नका. या औषधांनी लघवी तुंबते, शौचाला होत नाही, तोंड कोरडं पडतं आणि गोंधळ वाढतो. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची यादी काढली. अशी औषधं आजही तिच्यात आहेत. झोपेच्या डायझेपाम जातीच्या गोळ्यांचंही तेच, दारू सुटल्याचा त्रास हा वेगळा अपवाद. हात बांधून ठेवणं हा आणखी वाईट आडमार्ग. बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त ओढतो.

हे सगळं वाचून दडपण येईल. पण डेलिरियम टाळणारं काम बरंचसं साधं आहे आणि ते तुम्हालाच जमतं. अमेरिकेत येल इथे शॅरन इनोये यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की कुठे आहात, आज कोणता वार ते सांगत राहणं, चालवणं, पाणी पाजणं, चष्मा-कानाचं मशीन, रात्री सलग झोप, एवढ्यावर डेलिरियम होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. यात महागडं यंत्र कुठलंच नाही. दिवसा खिडकी उघडा, रात्री दिवे कमी करा, पहाटे तीनचं बीपी खरंच लागतं का ते डॉक्टरांना विचारा. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, गरज आज आहे का, हे रोज विचारा.

उठवण्याची घाई नको, पण दिवसभर पलंगावर पडूनही राहू देऊ नका. आधी पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवा, चक्कर येते का विचारा, मग धरून उभं करा. आडवं असतानाचं बीपी पाच मिनिटं पडून राहिल्यावर घ्यायचं, उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर नोंद करून कळवा, एकट्याला बाथरूमला पाठवू नका. पलंगाचे दोन्ही कठडे वर करून निश्चिंत होऊ नका. गोंधळलेला माणूस ते ओलांडून जास्त उंचीवरून पडतो. जेवण खुर्चीत बसवून, कवळी लावून. नंतर अर्धा तास आडवं करू नका.

बोलताना मुलाकडे न बघता पेशंटकडे बघून बोला. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हे पहिल्या दिवशी विचारा. सगळ्यांनाच ‘आजी’ आवडत नाही. ‘या आजारपणात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?’ हेही विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘मला एकट्याने संडासला जाता आलं पाहिजे’ असं उत्तर आलं की फिजिओथेरपी आणि घरी सोडण्याची तारीख दोन्ही त्यावर ठरतात. बेडपॅन देताना पडदा ओढायचा, घाई असली तरी. ज्या मावशींच्या हाताखाली पेशंट न घाबरता कूस बदलतात, त्यांच्याकडून ते काम शिका. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून फक्त रिपोर्ट वाचणाऱ्यांकडून ते येत नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरातल्या औषधांची सगळी पिशवी मागवा, चूर्ण-काढ्यांसकट. प्रत्येक पट्टीवरचं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नको. बीपीची एकच गोळी दोन नावांनी चालू असलेली तिथेच सापडते. बंद केलेल्या पट्ट्या वेगळ्या बांधून त्यावर ठळक अक्षरांत ‘बंद’ लिहा. मग ‘कळलं ना?’ असं न विचारता, रात्रीची गोळी कोणती आणि कशासाठी, ते पेशंटलाच आणि गोळ्या देणाऱ्या माणसालाही सांगायला लावा. अडखळले तर पुन्हा सांगा, आणि पुन्हा विचारा.