काकू, वाटीभर साखर

साडेआठ वर्षांची असताना मी एका विनोदी मालिकेत शेजारच्या मुलीचं काम करायला लागले. साल २००१. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तोच काळ. आमची मालिका तितकी गाजली नाही, दीड वर्षात गुंडाळली. नाव सांगितलं तरी आठवणार नाही, म्हणून सांगत नाही. माझं काम एवढंच, की हातात रिकामी वाटी घेऊन भलत्या वेळी दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "काकू, आईनं वाटीभर साखर मागितलीय." घरात कडाक्याचं भांडण चाललंय, वाटी हजर. मुलगी बघायला पाहुणे आलेत, वाटी हजर. काका बाथरूममध्ये अडकलेत, तरी वाटी हजरच.

मुलांना मालिकेत काम करायला पाठवायचं, तर काय करायचं, हे विचारायला हल्ली ओळखीतल्या आयांचे फोन येतात. "आमच्या पिल्लूला फार आवड आहे गं, सारखी आरशासमोर नकला करत असते." प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी त्या नकलांबद्दल. मीही तशीच होते. दोन उन्हाळ्यांत बालनाट्य शिबिरं केलेली, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल असं बोलायचं आणि हातवारे मोठे करायचे, हे अंगात मुरलेलं. पहिल्या दिवशी सेटवर मी डोळे मोठे केले, मान वाकडी केली, चिरका आवाज काढून साखर मागितली. कट. पुन्हा तेच. पुन्हा कट. तिसऱ्या रिटेकनंतर काकांचं काम करणारे ज्येष्ठ नट माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "बाळा, तू कशाला आलीयस?" मी म्हटलं, "शूटिंगला." "नाही. साखर न्यायला आलीयस. आईनं चहा टाकलाय, तो उकळतोय. हसवायचं काम आमचं, तू साखर घे आणि पळ."

पुढच्या टेकला मी खरोखर चहाचा विचार करत उभी राहिले. समोर काका-काकू एकमेकांवर ताटल्या उगारतायत आणि माझी नजर फक्त साखरेच्या डब्यावर. टेक ओके झाला.

विनोदी मालिकेतल्या मुलाला विनोद करायचा नसतो, त्याला काहीतरी हवं असतं. आईवडील हेच घरी बिघडवतात. पाहुण्यांसमोर "तो डायलॉग म्हणून दाखव ना" म्हणून इतकं घोटून घेतात, की मूल हशाची वाट बघत बोलायला लागतं. आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं.

दुसरा धक्का शांततेचा. शिबिराच्या प्रयोगाला समोर हसणारी माणसं असतात, सेटवर टेक चालू असताना कुणी हसलं तर आवाजाचा ट्रॅक जातो. मला वाटलं, मी इतकी वाईट करतेय की कुणाला हसूही येत नाहीये. मग एक दिवस लक्षात आलं, की वर छताजवळच्या मचाणावर बसलेले, दिवे सांभाळणारे लाइटदादा तोंडात गमछा कोंबून बसलेत आणि त्यांचे खांदे गदागदा हलतायत. पुढे दीड वर्ष मी त्या खांद्यांवर काम केलं.

या शांततेत पंचनंतरची, म्हणजे हशाच्या वाक्यानंतरची, जागा सोडणं सगळ्यांत अवघड. घरी बघणारा हसेल, त्याच्या हसण्यात पुढचं वाक्य बुडू नये, म्हणून एक श्वास थांबायचं. त्या काळच्या बऱ्याच हिंदी विनोदी मालिकांना रेकॉर्ड केलेला हशा जोडत, तिथे ही जागा ऐकू तरी येते. आमच्यात तो नव्हता. बाबा सांगायचे, "चिमणराव बघायला हवा होतास." चिं. वि. जोशींच्या कथांवरची ती मालिका मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागायची. त्यातले चिमणराव दिलीप प्रभावळकर, तेच पुढे टिपऱ्यांचे आबा. मुलांना शिकवायचंच असेल, तर 'टिपरे' नाहीतर १९८८ची 'वागळे की दुनिया' यांचे सापडतील तेवढे भाग आवाज बंद करून दाखवा. बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघायला सांगा.

आता दाताची गोष्ट. एकच सीन पुन्हा पुन्हा होतो. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा अख्खा सीन, मग एकेकाचे क्लोजअप, मग दुसऱ्याच्या क्लोजअपला आपण सजेशनमध्ये, म्हणजे नुसता खांदा आणि वेणी. प्रत्येक वेळी वाटी त्याच हातात आणि त्याच शब्दाला वर. तर एकदा मास्टर झाला, जेवणाचा ब्रेक झाला आणि मी लाइटदादांनी दिलेली चिक्की खाल्ली. वरचा, समोरचा, आधीच हलणारा दात चिक्कीत राहिला. कंटिन्युटी, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये सगळं सारखं आहे ना, हे बघणारी ताई रडायचीच बाकी होती. सीनच्या सुरुवातीला दात आणि शेवटी खिडकी! दिग्दर्शकांनी पाच मिनिटं डोकं धरलं आणि माझी उरलेली तिन्ही वाक्यं काढून टाकली. काकूंनी विचारायचं, "साखर का?" मी ओठ घट्ट मिटून मान हलवायची. "कालच नेलीस ना?" पुन्हा मान. त्या भागात लोक सगळ्यांत जास्त त्यालाच हसले. दात सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांनी पुडीत बांधून आईकडे दिला. पुढच्या भागापासून लेखकांनी खिडकीला चार वाक्यं दिली, ती गोष्ट वेगळी.

बाकी दिवस म्हणजे वाट बघणं. आम्ही डोंबिवलीला राहायचो. कॉलटाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, सातचा असला की आई पहाटे चारला उठवायची. दादरला गाडी बदलून गोरेगाव, तिथून बेस्टची बस पकडून फिल्मसिटी. मेकअप साडेसातला, माझा सीन दुपारी चारला. गणिताची अख्खी वही मी कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून भरली आहे. आमची मालिका साप्ताहिक असल्यामुळे महिन्यातून पाच-सहा दिवस जायचे. रोजच्या मालिकेचं ओझं त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा हो म्हणण्याआधी महिन्याचे किती दिवस लागणार ते विचारून घ्या.

पैशाचं स्पष्ट बोलते. पेमेंट नव्वद दिवसांनी, हे या धंद्यात सर्रास चालतं. माझ्या शेवटच्या सहा भागांचा चेक अजून यायचाय. आई वर्षभर फोन करत होती, मग तिनं सोडून दिलं. काहीही लेखी नव्हतं, भांडणार कशावर? तुम्ही पहिल्या दिवसाआधी करार मागा. आणि ऑडिशनसाठी, नाव नोंदवण्यासाठी किंवा फोटोंच्या 'पोर्टफोलिओ'साठी कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवा.

आमच्या वेळी मूल किती तास सेटवर आहे, हे विचारणारं कुणी नव्हतं. बालकामगार कायद्याच्या नियमांत २०१७ साली बदल झाला, तो वाचून ठेवा. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडवायची नाही आणि मुलाची स्वतःची तयारी हवी. कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे असतात. मुलानं स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात धरलं जात नाही, त्यामुळे त्याचं पॅन कार्ड काढून घ्या. सेटवर हे बोललात तर "ताई, फारच नियम सांगता" असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या आणि पाच तासांनी मुलाला घेऊन निघा.

शाळेत मला दहावीपर्यंत 'साखर' म्हणायचे. मालिका संपली, मी दोन वर्षांत चार-पाच इंच उंच झाले आणि फोन यायचे थांबले. लहान मुलगी म्हणून मी मोठी होते, कॉलेजची म्हणून लहान. आई म्हणाली, "आता स्कॉलरशिपला बस." मला वाईट वाटलं ते मालिकेचं नाही, लाइटदादांचं.

पहिल्या दिवशी पिशवीत काय न्यायचं, हेही सगळ्या विचारतात. घरचा डबा, कारण सेटवरचं जेवण कधी तिखट, कधी उशिरा. पाण्याची बाटली, एक जास्तीचा टी-शर्ट, एसीसाठी स्वेटर, एक गोष्टीचं पुस्तक आणि शाळेची वही. मेकअप उतरवायला खोबरेल तेलाची छोटी बाटली. चिक्की नको.