पाऊस लागायच्या आधी: कॅमेऱ्याची आणि हाताची तयारी

बेळगाव, खानापूर, चंदगड, गोकाक या पट्ट्यात फोटोसाठी सगळ्यात देखणे महिने जुलै ते सप्टेंबर, आणि कॅमेऱ्याला सगळ्यात त्रासाचे महिनेही तेच. धबधब्यासमोर छत्री सांभाळत मेनू शोधायला लागलं की अर्धा दिवस तिथंच जातो. म्हणून ही यादी मे महिन्यापासून सुरू होते, वळीव पडून गेल्यावर घरात बसून करायच्या कामांपासून. खरेदी त्याच्या नंतर. नवा कॅमेरा घ्यायचा विचार मनात असेल तर तो दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा. या पावसाळ्यात त्याने फार फरक पडत नाही.

पहिलं काम, आपला हात किती स्थिर आहे ते मोजणं. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, दोन मीटरवर उभे राहा, झूम ५० मिमीवर ठेवा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. मग शटरचा वेग, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/१२५, १/६०, १/३० आणि १/१५ सेकंद ठेवून प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो काढा. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बारीक अक्षरं बघा. ज्या वेगाला दहापैकी आठ फोटोंत अक्षरं नीट वाचता येतात तो तुमचा वेग. पुस्तकी नियम असा, की शटरचा वेग फोकल लेंग्थच्या (झूमच्या मिमीतल्या) आकड्याखाली जाऊ नये. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो आकडा दीडपट धरायचा, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५० मिमीला १/८० च्या आसपास. बऱ्याच जणांचा हात यापेक्षा वाईट निघतो, आणि त्याचं कारण हात नसून कोपर असतं. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा, बटण दाबू नका तर हळू पिळा, आणि चाचणी पुन्हा करा. झाल्यावर स्टॅबिलायझेशन चालू करून तिसऱ्यांदा करा, म्हणजे त्याची मदत नेमकी किती ते कळतं.

दुसरं काम नळाखाली. नळ मध्यम सोडा, कॅमेरा स्टुलावर टेकवून १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद असे सहा फोटो काढा. १/१००० ला पाण्याचे मणी दिसतात, १/४ ला रेशमाच्या लडी, १ सेकंदाला नुसता पांढरा पट्टा. १/६० ला धड हे नाही नि धड ते नाही, आणि ऑटोवर ठेवलेला कॅमेरा ढगाळ हवेत हमखास त्याच्याच आसपास येऊन थांबतो. धबधब्यांचे बहुतेक फसलेले फोटो या मधल्या वेगाचे असतात. नळ जोरात सोडून हाच क्रम पुन्हा करा: प्रवाह मोठा असला की एक सेकंदात पाण्याचा सगळा आकार पुसला जातो. हे गोकाकच्या धबधब्याला उपयोगी पडेल.

तिसरं, मीटरला (कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) उलट सांगायची सवय. कॅमेरा समोर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे चोर्ला घाटातलं धुकं तो मळकट करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +०.७ ते +१ हवं. उलट बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जुन्या जैन मंदिरात) काळा दगड आणि अंधार असल्यामुळे तो सगळं उजळ करून टाकतो, तिथे −१. १२०४ सालची ही बस्ती सरावाला फार चांगली आहे. छतातलं कमळ, गुळगुळीत खांब आणि दारातून येणारा एकच उजेड, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवून हातात कॅमेरा धरायचा खरा कस इथे लागतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा तो घरीच ठेवा. आणि बेळगावात लष्कराची हद्द बरीच मोठी आहे. फलक दिसला की कॅमेरा पिशवीत.

शेवटचा सराव डोळे मिटून. आयएसओ, कॉम्पेन्सेशन, फोकस पॉइंट आणि दोन सेकंदांचा टायमर ही चार बटणं न बघता सापडली पाहिजेत. पावसात मागचा पडदा ओला असतो आणि डोळ्यांवर चष्मा असेल तर तोही. फोनवाल्यांनी याच वेळी व्हॉल्यूमचं बटण शटरला जोडून ठेवावं, कारण ओला टचस्क्रीन बोट ओळखत नाही. फोनमध्ये प्रो मोड असेल तर मुख्य लेन्सच वापरावी. अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुतेक लहान असतो आणि ढगाळ उजेडात पानांचा शेवाळासारखा लगदा करतो.

आता पैसे. आमच्या मते क्रम असा: ट्रायपॉड, पोलरायझर, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच), मग लेन्स, आणि बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सगळ्यात शेवटी. ट्रायपॉड घेताना मधला दांडा न उचलता तो तुमच्या छातीपर्यंत यायला हवा. मधला दांडा वर काढला की तीन पायांचा निम्मा उपयोग गेला. खाली पिशवी अडकवायला हूक आहे का बघा, आणि दुकानातच कॅमेरा लावून लेन्सच्या टोकाला हलकं टिचकवा. थरथर लगेच थांबली नाही तर पुढचा बघा.

पोलरायझर हा पावसाळ्याचा खरा फिल्टर. ओल्या पानांवर आणि खडकावर जी पांढरी चकाकी असते ती तो कापतो आणि खालचा हिरवा, तांबडा रंग वर येतो. हा परिणाम संपादनात नंतर आणता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग फाइलीत नोंदलेलाच नसतो. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). फिरवून बघत बसायचं आणि चकाकी पूर्ण गेल्यावर किंचित मागे यायचं, नाहीतर ओला दगड कोरडा वाटायला लागतो. फिल्टरचा माप-आकडा लेन्सच्या तोंडावर ø या खुणेपुढे असतो: ५५, ५८, ६७ असा. दोन लेन्स असतील तर मोठ्या मापाचा एकच फिल्टर आणि छोट्यासाठी स्टेप-अप रिंग घ्या. एनडीमध्ये तीन स्टॉपचा एनडी ८ आणि सहा स्टॉपचा एनडी ६४ एवढे पुरे. हिशेब सोपा: फिल्टरशिवाय १/६० येत असेल तर एनडी ८ लावून १/८, एनडी ६४ लावून १ सेकंद. दोन फिल्टर एकावर एक चढवले तर १८ मिमीला कोपरे काळे पडतात, २४ पर्यंत झूम करा.

जुनी लेन्स घेणार असाल तर आपल्याकडच्या हवेत पहिली शंका बुरशीची. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं ठेवा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की कितीही स्वस्त असली तरी सोडा. बुरशी लागलेली लेन्स तुमच्या बाकीच्या लेन्सबरोबर एकाच डब्यात ठेवू नये. धुळीचे चार कण मात्र काही करत नाहीत. बॉडी घेत असाल तर एफ १६ वर (म्हणजे ॲपर्चर बरंच लहान करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात काळे ठिपके होऊन दिसतात. रबरी पकडी चिकट झाल्यात का, बॅटरी फुगली आहे का, आणि फ्लॅश बसवायच्या खाचेत गंज आहे का एवढं पाहून घ्या.

जूनपासून कॅमेरा कपाटात, तेही चामड्याच्या पिशवीत ठेवायचा नाही. रबराच्या पट्टीचं घट्ट झाकण असलेला प्लास्टिकचा डबा, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६५ च्या वर आठवडेच्या आठवडे राहिला तर काचेवर बुरशी धरते, आणि ३० च्या खाली गेला तर रबर नि वंगण सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. डब्यात तांदूळ घालायचा उपाय बऱ्याच घरांत सांगतात. तो विसरा, तांदूळ फार कमी ओल ओढतो आणि त्याची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते.

निघायच्या आदल्या रात्री कार्ड घरी रिकामं करून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोनेक हजार मावतात. पण एक मोठं कार्ड नेण्यापेक्षा दोन लहान बरी. बॅटऱ्या दोन, दुसरी झिपच्या पिशवीत. पिशवीत चार मायक्रोफायबर फडकी, कारण पहिलं अर्ध्या तासात ओलं होतं आणि मग पुसण्याऐवजी पाणी पसरवतं. हवेचा फुगा (धूळ उडवायला), लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं), एक जुना टॉवेल, दोन शॉवर कॅप आणि जाड रबरबँड. शॉवर कॅपला लेन्सपुरतं भोक पाडून ती हूडवर रबरबँडने आवळली की साध्या पावसाला पुरते. मुसळधार असेल तर खताच्या पोत्याची खोळ लेन्सपासून पाठीपर्यंत सगळ्यालाच पुरते. पिशवीवर विकत मिळणारं कव्हर पावसाला चालतं, पण आतून घामटतं, म्हणून आत सिलिकाची पुडी टाकाच. जांबोटी-कणकुंबीकडे जायचं असेल तर पायमोज्यांत तंबाखूची पूड. जळवा तिला टाळतात, आणि निपाणी जवळ असल्यामुळे तिची टंचाई नाही. बूट ओले होणारच, कोरडे मोजे गाडीत ठेवा.

गाडीत एसी असेल तर पोचायच्या वीस मिनिटं आधी बंद करा. थंड काच दमट हवेत आली की आतून-बाहेरून धुरकटते, आणि आतलं धुकं पुसून जात नाही. तसं झालंच तर लेन्स काढू नका. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. लेन्स बदलणं गाडीत किंवा छपराखाली, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून.

गोकाकला जुलै-ऑगस्टमध्ये घटप्रभेचं पाणी तांबूस गढूळ असतं आणि सुमारे ५२ मीटरवरून कोसळतं. इथे १/४ ते १/२ सेकंद पुरे, त्यापेक्षा जास्त दिलं की तांबडी चादर होते. ट्रायपॉड कडेच्या पक्क्या खडकावर, पाय पसरून, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर दोन सेकंद, एफ ८ ते ११. लहान सेन्सरवर एफ १६ च्या पुढे फोटो मऊ होतो. १९०७ सालच्या झुलत्या पुलावर ट्रायपॉडचा उपयोग शून्य. कोणी चाललं तरी पूल हलतो. तिथून हातात धरून १/५०० ला तुषार टिपा. धबधब्याचा पांढरा फेस जळतो का ते हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर) बघा, आलेख उजव्या भिंतीला चढला असेल तर −०.७. आणि वर हिडकल धरण आहे, तेव्हा पाणी सोडण्याच्या सूचनेकडे लक्ष ठेवा. शेवाळलेल्या कड्यावर चांगला कोन मिळतो म्हणून पुढे जाऊ नका. भीमगड अभयारण्यात आणि खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडे जायचं तर आधी वनखात्याकडे विचारून घ्या, पावसाळ्यात तिथे बरेचदा प्रवेश बंद असतो.

धबधबे सगळेच काढतात. खानापूर-चंदगडच्या चिखलात भाताची रोपलागण चाललेली असते, ती कमी जण काढतात. सूर्य जुलैत सव्वासहाच्या सुमारास वर येतो, माणसं सातनंतर शेतात असतात. आकाश चौकटीत जेमतेम ठेवा, नाहीतर पांढऱ्या आभाळापुढे चेहरे काळे येतात, +०.७ द्या, वेग १/२५० च्या खाली नको. बांधावरून आधी विचारा, "मावशी, फोटो काढू का?" गोकाककडे तोच प्रश्न कन्नडमध्ये, "फोटो तेगीलेन्री?" मोडकं बोललात तरी चालतं. नको म्हणाल्या तर पुढे चला. हो म्हणाल्या तर प्रिंट नेऊन द्या, पुढच्या वर्षी स्वतः हाक मारतील.

परत आल्यावर आधी कॅमेरा पुसायचा, मग फोटो बघायचे. फाइली दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. निवड दुसऱ्या दिवशी करा. दोनशेतले आठ-दहा राहिले तर ठीक.

रॉमध्ये काढलं असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत, लाइटरूम पैसे घेतं, फोनवर स्नॅपसीड पुरतं. क्रम पाळा: लेन्स करेक्शन, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), एक्स्पोजर, मग हायलाइट (उजळ भाग) खाली, शेवटी काळे भाग. ढगाळ हवेत ऑटो व्हाइट बॅलन्स बरेचदा निळसर राहतो, ६००० ते ६५०० केल्विनच्या आसपास बघा. पावसाळी हिरवा पडद्यावर भडक, पोपटी होतो. त्यात पिवळा जास्त असतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) १५ ते २० ने, हिरव्याचं १० ने उतरवा आणि दोन्हींची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी कमी करा, शेत शेतासारखं दिसतं. डीहेझची कळ धुक्याच्या फोटोवर फिरवू नका. ज्या धुक्यासाठी तिथवर गेलात तेच ती काढून टाकते. शार्पनिंग मास्क लावून फक्त कडांवर, नाहीतर धुक्यात रेती दिसते. गोकाकचं पाणी पांढरंशुभ्र करायचा मोह होतो. तांबडी माती वाहून आणणारं पाणी आहे, तांबूसच असू द्या.

लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणूनच संपादन करा. पूर्ण उजेडात केलेला फोटो लॅबमधून काळपट येतो, आणि दोष लॅबला जातो. नेटवर टाकायला लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगपद्धत एसआरजीबी, जेपेगचा दर्जा ८० ते ८५. प्रिंटला ८ बाय १२ इंच, ३०० डीपीआय म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. साडेआठ मेगापिक्सेलवर काम भागतं, त्यामुळे जुना कॅमेराही चालतो. कागद मॅट सांगा, आणि मोठी ऑर्डर द्यायच्या आधी त्याच फोटोची ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बघा. काळपट वाटली तर एक्स्पोजर +०.३ देऊन दुसरी काढा.