लॅबची काच धुताना आधी डाग ओळखा, मग ॲसिडला हात लावा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बीएस्सी केमिस्ट्री झालेली नवीन पोरं-पोरी लागतात. कुणी कागलचं, कुणी हातकणंगल्याचं. टायट्रेशन सगळ्यांना येतं, पण फ्लास्क धुवायला दिला की गडबड होते, कारण कॉलेजात ते काम लॅबमधले मामा करायचे. इथं तीन पाळ्यांत मिक्स ज्यूस, सिरप, मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) असे नमुने येतच राहतात आणि तेच फ्लास्क दिवसभर फिरतात. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

पहिली सवय म्हणजे काम झालं की फ्लास्क लगेच रिकामा करून विसळायचा. मळी ओली असताना कोमट पाण्यानं सहज निघते. पाळी संपेपर्यंत तशीच ठेवली की वाळून बसते, मग पुढच्या पाळीवाला तुमच्या नावानं खडे फोडतो. उसाच्या रसात मेणही असतं. ते नुसत्या पाण्यानं जात नाही, त्याला गरम पाणी आणि लॅबचा डिटर्जंट लागतो. ब्रशच्या टोकाची तार उघडी पडली असेल तर तो ब्रश फेकून द्या. राख, रेती, तारेची घासणी घरच्या कढईला ठीक आहे, काचेला नाही. चरा पडला की घाण तिथंच धरते आणि गरम करताना तिथूनच तडा जातो.

आता आमच्याकडचा खास डाग. पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, काढताना रस निवळायला लेड सबॲसिटेट हा शिशाचा क्षार घालतो. त्यानं 100 मिलीच्या फ्लास्कच्या मानेत पांढरी साय धरते. नवीन माणूस हमखास हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे जातो. पण लेड क्लोराइड थंड पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पांढऱ्याचं पांढरंच राहतं. सल्फ्युरिक घातलं तर लेड सल्फेट बसतं, ते त्याहून चिवट. इथं पातळ ॲसिटिक ॲसिड चालतं, साधारण 5 ते 10 टक्क्यांचं. अर्धा तास भिजू द्या, साय सुटते. नाहीच सुटली तर पातळ नायट्रिक. आणि पहिलं विसळणं नळाच्या पाण्यानं करूच नका. आपल्या बोअरच्या जड पाण्यातल्या कार्बोनेट-सल्फेटनं उरलेलं शिसं तिथंच पांढरं होऊन बसतं. आधी थोडं डिस्टिल्ड वॉटर, मग नळ. ते पहिलं विसळलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, शिशाच्या कॅनमध्येच जमा करायचं. गटार शेवटी ओढ्याला आणि ओढा पंचगंगेला मिळतो, हे वेगळं सांगायला नको.

बाकीचे डाग सोपे आहेत. फेलिंगच्या द्रावणानं साखर मोजायचं टायट्रेशन झालं की तळाला विटकरी-लाल थर राहतो, तो क्युप्रस ऑक्साइड. थोडं पातळ हायड्रोक्लोरिक फिरवलं की गेला. परमँगनेटच्या ब्यूरेटला तपकिरी डाग पडतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. त्याला ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट द्रावण आणि पातळ सल्फ्युरिकचे थोडे थेंब. तिथं तीव्र हायड्रोक्लोरिक ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. आयोडीनच्या पिवळ्या डागाला थायोसल्फेट, पाण्याच्या क्षारांच्या पांढऱ्या ठिपक्यांना पातळ हायड्रोक्लोरिक.

जुन्या केमिस्टांचं लाडकं औषध म्हणजे क्रोमिक ॲसिड, पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिकचं लालभडक मिश्रण. काच चकचकीत होते, खोटं नाही. पण त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, कातडी भाजते, आणि ते टाकायचं कुठं हा प्रश्न उरतोच. शिवाय आमच्या शिशाच्या फ्लास्कमध्ये गेलं तर पिवळं लेड क्रोमेट आणि पांढरं लेड सल्फेट दोन्ही बसतात. म्हणजे धुवायला गेलो आणि रंगवून आलो. माझ्या पाळीत ते वापरायचं नाही, विषय संपला.

हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्याला गॉगल, अंगात ॲप्रन. पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. लवकर वाळावं म्हणून ॲसिटोननं विसळायची काहींना सवय असते. पण आत नायट्रिकचा अंश उरला असेल तर स्फोटापर्यंत जाऊ शकतं. आधी भरपूर पाणी. ब्लीचिंग आणि ॲसिड एका सिंकमध्ये एकत्र येऊ देऊ नका.

स्वच्छ झालं की नाही हे चमकेवर ठरवू नका. फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरून ओता आणि उजेडाकडे धरा. पाण्याचा सलग पातळ पडदा काचेवरून खाली सरकला तर काम झालं. मानेत थेंब थेंब अडकले तर तेलकटपणा आहे, परत डिटर्जंट. हा हट्ट उगाच नाही. 100 मिलीच्या ए वर्गाच्या फ्लास्कला 0.1 मिलीचीच सूट असते, म्हणजे जेमतेम दोन थेंब. मार्कच्या, म्हणजे मानेवरच्या मापाच्या रेघेच्या, वर तेवढे थेंब चिकटून राहिले की पोलचा आकडा हलतो. आणि कोल्हापुरात उताऱ्याच्या, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्या, आकड्यावरून काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा विसळायचं, दर वेळी थोडंसंच घेऊन. एकदा भरभरून ओतण्यापेक्षा ते बरं. ब्यूरेट-पिपेट वापरायच्या आधी त्याच द्रावणानं विसळा, पण टायट्रेशनचा कोनिकल फ्लास्क नमुन्यानं विसळू नका, तिथं पाणीच. मार्क असलेली काच ओव्हनमध्ये घालायची नाही, उलटी टांगून वाळवा. बीकर, कोनिकल ओव्हनमध्ये चालतात.

पोलरीमीटरच्या (प्रकाशावरून पोल मोजायच्या यंत्राच्या) नळीच्या टोकाच्या काचेच्या चकत्या लेन्स पेपरनंच पुसा. टोपण हातानं बसेल तेवढंच आवळा. जास्त पिळलं की चकतीवर ताण येतो, आणि ताणलेली काच स्वतःच प्रकाशाचं वाचन बिघडवते. मग फ्लास्क कितीही स्वच्छ असू दे, रीडिंग चुकलंच.

कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचं बूच लावू नका, रबराचं लावा. काचेचं अडकलंच तर कडेला कोमट पाण्याची पट्टी गुंडाळा, लाकडी दांड्यानं हलकं टकटक करा आणि हाताला जाड टॉवेल घेऊन फिरवा. जोर लावून सुटत नसेल तर सोडून द्या. बाटली नवीन मिळते. फुटलेली काच कचऱ्याच्या बादलीत नाही, वेगळ्या खोक्यात, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी हातानं कचरा भरतात.