पंप चालू केला की रबर बेलोच्या फ्लँजमधून गळती: शेवटी थांबली

पंपाच्या डिस्चार्जला (बाहेर सोडणाऱ्या बाजूला) १५० मिमीचा एककमानी, म्हणजे एकच फुगवटा असलेला ईपीडीएम रबराचा बेलो, पाइपमधला लवचीक जोड. बंद असताना कोरडा, चालू केला की फ्लँजमधून (बोल्टने जोडायच्या टोकाच्या चकत्यांमधून) धार आणि कमान ताणून सपाट. बोल्ट आवळले, जादा गॅस्केट घातलं, बेलोच नवा बसवला. तोही काही महिन्यांत चिरला. डोकं फिरायची वेळ आली होती.

दोष रबराचा नव्हताच. पाइपला अँकर (जागेवर घट्ट धरणारा आधार) नव्हता, बेलोला कंट्रोल रॉड (ताण मर्यादेत ठेवणाऱ्या सळ्या) नव्हते. दाब कमानीला लांबीच्या दिशेने ढकलतो. कमानीचा आतला व्यास २०० मिमी धरला तर ६ बारला हा जोर सुमारे १९०० किलो भरतो! नुसतं रबर तो कसा पेलणार?

पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, लाइन रिकामी. जुना बेलो काढून दोन फ्लँजमधलं अंतर मोजलं: बेलोच्या मूळ लांबीपेक्षा १४ मिमी जास्त. बेलो न ताणता सपोर्ट सैल करून पाइपच सरकवला. मग गॅस्केट काढून टाकलं. रबराचा चेहरा थेट सपाट फ्लँजवर बसतो. बोल्टची डोकी रबराकडे, नट बाहेर. ग्रीस अजिबात नको, ईपीडीएम तेलाने फुगतं. समोरासमोरचे बोल्ट तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळले. नंतर कंट्रोल रॉड लावून उत्पादकाच्या तक्त्यात बेलो जास्तीत जास्त जितका ताणू द्यावा असं दिलं आहे, तितकीच फट नटपाशी ठेवली. शेवटी पाइपला पक्का अँकर.

दुसऱ्या दिवशी दाब काढून, थंड असताना बोल्ट पुन्हा तपासले. दोन किंचित सैल निघाले. त्यानंतर थेंबही नाही.