थोडी घरे, पुन्हा पुन्हा: परदेशात सेवा करणाऱ्या जोडप्यासाठी

परदेशी नव्याने गेलेले मिशनरी जोडपे बहुधा ओळखी फार वाढवून बसते. भेटेल त्याला 'घरी येतो' असा शब्द दिला जातो. वर्षाअखेरीस पन्नास घरांत एकेकदा पाहुणचार झालेला असतो, पण एकाही घरातले आजार, कर्ज किंवा अबोला ठाऊक नसतो. लूकच्या शुभवर्तमानातील 10 व्या अध्यायात शिष्यांना पाठवताना येशूने घरे बदलत फिरू नका, त्याच घरात राहा, जे वाढतील ते खा असे सांगितले. गृहभेटींची याहून नेमकी सूचना मिळणार नाही.

सहा ते आठ कुटुंबे पुरेत. प्रत्येकाकडे पंधरवड्यातून एकदा जायचे, म्हणजे आठवड्याला तीन-चार भेटी होतात. भाषेचा अभ्यास, स्वतःची मुले, बाजारहाट आणि व्हिसाची कागदपत्रे सांभाळून यापेक्षा जास्त भेटी घेतल्या, तर ती नुसती हजेरी होते. घरे निवडताना घाई नको. परदेशी माणसाशी ओळख करायला सगळ्यात आधी धावून येणारा माणूस त्याच्याच वस्तीत विश्वासाचा असेल असे नाही. महिनाभर थांबा, शेजारीपाजारी त्याच्याशी कसे वागतात ते पाहा.

भाषा दोघांनाही आली पाहिजे. नवरा वर्गाला जातो, बायको मुलांपाशी राहते आणि दोन वर्षांनी तिला एकही शेजारीण उरत नाही, हे फार ठिकाणी घडते. त्यावर उपाय साधा आहे: सकाळी एकाने अडीच तास शिकायचे, दुसऱ्याने घर पाहायचे, मग अदलाबदल. शिकवणाऱ्याकडून रोज चार-पाच वाक्ये रेकॉर्ड करून घ्या, पाठ करा आणि त्याच दिवशी निदान वीस माणसांना ऐकवा. पुस्तकात डोके घालण्यापेक्षा याने जीभ लवकर वळते. 1813 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचलेल्या जडसन या अमेरिकन मिशनरी दांपत्यात ब्रह्मी व्याकरण अडोनिरामला जास्त कळे, पण नोकरचाकर आणि बाजार सांभाळणारी अॅन रोजच्या बोलण्यात त्याच्या पुढे होती. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झाला 1819 साली. तुम्हाला पाठवणाऱ्या आणि पहिल्याच अहवालात आकडे मागणाऱ्या मंडळीला, म्हणजे चर्चला, हे साल जरूर कळवावे.

भेट कशी असावी

पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जावे आणि पाऊण तासात उठावे. जेवणाची वेळ टाळा. ती कोणती हे शेजाऱ्यांना आधी विचारा. घरात कर्ते कोण आहे ते ओळखून पहिला नमस्कार त्यांना करा. पुढे ओळख वाढली की तिने बायकांत आणि त्याने पुरुषांत बसावे. परस्त्री किंवा परपुरुष एकटे घरी असतील तर दारातूनच परतावे, मग काम कितीही महत्त्वाचे असो. मुलांच्या बाबतीत नियम आणखी कडक हवा: आईवडिलांना ठाऊक असल्याशिवाय मुलांना घेऊन बसायचे नाही, बंद खोलीत नाही आणि दुसरे मोठे माणूस हजर असल्याशिवाय तर नाहीच.

सतत देणारा पाहुणा उपकारकर्ता होतो, मित्र होत नाही. म्हणून घ्यायलाही शिका. गळका नळ, हट्टी मूल, एखाद्या सरकारी पत्राचा अर्थ, यांत त्यांची मदत मागा. ज्याला तुमचे काहीतरी दुरुस्त करता येते तो तुमच्याशी मोकळे बोलतो.

प्रार्थना करायची तर आधी परवानगी विचारा. ती त्यांच्याच भाषेत, दोन मिनिटांत, त्यांनी सांगितलेल्या अडचणीसाठी करा. बरे वाटेलच असे वचन देऊ नका आणि औषध थांबवायला कधीही सांगू नका. घरी आल्यावर वहीत नावे, दुखणी, पुढची तारीख आणि दिलेला शब्द लिहून ठेवा. मागच्या वेळी आजारी असलेल्या आजीची चौकशी विसरलात, तर पुढचे बोलणे कोणी मनावर घेत नाही.

देवाचे वचन सांगताना

वाचून दाखवण्यापेक्षा बायबलमधली गोष्ट तोंडी सांगा, दहा-बारा मिनिटांची. आदल्या दिवशी भाषा शिकवणाऱ्याला ती ऐकवा आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. जिथे त्याची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी झाली, तिथे तुमची मांडणी चुकली आहे. उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंत बारा गोष्टींचा क्रम पुरतो. सुरुवातीलाच क्रूस सांगितला तर देव एक आणि पवित्र आहे हेच न कळलेल्या माणसाला तो एका भल्या माणसाचा अपघात वाटतो. गोष्टीनंतर चारच प्रश्न विचारा: काय आवडले, काय खटकले, देव कसा दिसला, आपण काय करावे? 'खटकले' हा प्रश्न गाळू नका. खरी चर्चा तिथेच सुरू होते. प्रोजेक्टर किंवा टॅब नेऊ नका. जे साधन त्या घराकडे नाही, ते वापरून सांगितलेली गोष्ट ते घर पुढे कोणाला सांगू शकत नाही.

एकट्या तरुणाने विश्वास ठेवला तर बाप्तिस्म्याची घाई नको. घरातून काढतील का, लग्न मोडेल का, काम जाईल का, हे त्याने स्वतः तोलायचे आहे. जमल्यास कुटुंबाला बरोबर घ्या, आणि बाप्तिस्मा स्थानिक पाळकाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूच्या, हातून होऊ द्या.

पैसे आणि औषधे

पैशांची मागणी येणारच. एकट्याने कधीही हो म्हणू नका. 'आम्ही दोघे बोलून उद्या सांगतो' हे उत्तर आधीच ठरवून ठेवा. महिन्याची मर्यादा ठरवा आणि उसने देताना परत आले नाही तरी चालेल एवढेच द्या. तातडीच्या उपचाराला उद्यावर ढकलायचे नसते. तिथे रक्कम थेट दवाखान्यात भरा. शक्य तिथे मदत स्थानिक मंडळीच्या हातून जाऊ द्या. बाप्तिस्म्याच्या आगेमागे मदत दिली तर सगळी वस्ती तिला लाच समजते, आणि त्यात वस्तीची चूक नसते. 2011 मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीचे, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याचे, जे आचारनियम दिले, त्यांतही आमिष निषिद्ध मानले आहे.

स्वतःच्या डब्यातली अँटिबायोटिक कोणाला देऊ नका. मुलाला जुलाब झाले आणि जलसंजीवनीची (ओआरएस) तयार पुडी मिळत नसेल, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजायला आईला शिकवा. चमचा चहाचा, म्हणजे 5 मिलीचा. मीठ जास्त पडले तर पाणी औषधाऐवजी अपाय करते, म्हणून मोजमाप आईच्या हातूनच करवून घ्या. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले तर थेट दवाखाना.

काही देशांत धर्मप्रचार किंवा धर्मांतर गुन्हा आहे. शिक्षा बहुतेक वेळा परदेशी माणसाला नव्हे, त्या कुटुंबाला भोगावी लागते. तुम्हाला फार तर विमानात बसवतात. म्हणून अहवालात नावे नाहीत, चेहऱ्यांचे फोटो नाहीत, गावाचा ठावठिकाणा नाही. पाठवणारी मंडळी कुरकुर करेल, करू द्या.

आठवड्यातला एक दिवस दार बंद ठेवा आणि तो शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता बंद ठेवलेले दार लोकांना राग वाटते.

सहाव्या महिन्यापासून प्रत्येक भेटीला स्थानिक विश्वासणाऱ्यांपैकी कोणाला तरी बरोबर न्या, शक्यतो जोडप्याला. आधी त्यांनी ऐकायचे, मग प्रश्न विचारायचे, मग गोष्ट सांगायची आणि तुम्ही मागे बसायचे. त्यांची गोष्ट मध्ये दुरुस्त करू नका. चूक परतीच्या वाटेवर सांगा. वर्षातून एकदा दोन महिने मुद्दाम दूर राहा. परतल्यावर भेटी चालू असतील तर ती घरे त्यांच्या नावावर करा आणि नवी घरे शोधा. बंद पडल्या असतील तर पाहा, कशासाठी तुमची वाट पाहिली जात होती: गाडीसाठी, पैशांसाठी, की परवानगीसाठी. पुढच्या सहा महिन्यांत आधी तेवढी एकच गोष्ट काढून घ्या.