सामूहिक वनहक्काच्या गावाला निधी देताना

गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्क (जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या गावाला मदत करायची असेल, तर प्रस्ताव आधी लिहून गावाच्या सह्या मागाहून घेऊ नका. मेंढा-लेखा या गडचिरोलीतल्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. अशा गावांत एकाच विषयावर दोन-तीन बैठका लागतात, त्या वेळापत्रकात धरा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी, नोव्हेंबरात धानकापणी. या दिवसांत कोरम भरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे.

ठरावाकडे बारकाईने पाहा. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. म्हणजे २०० प्रौढांच्या गावात किमान १०० जण, त्यांत ३४ स्त्रिया. रक्कम, कामं, खात्यावर सह्या कोणाच्या आणि हिशेब कोणत्या महिन्यात वाचायचा, हे चारही ठरावात यायला हवं. चर्चा गोंडीत किंवा माडियात होऊ द्या; ठराव मराठीत लिहिला की त्याच बैठकीत गोंडीत वाचून दाखवा. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली, की वर्षभराने 'आम्हाला हे ठाऊकच नव्हतं' असं लोक म्हणतात, आणि ते खरं असतं.

पैसा कुठून येतो, त्यावर वाट ठरते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर एप्रिल २०२१पासून तिच्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. ग्रामसभेकडे ती सहसा नसते, म्हणून नोंदणीकृत न्यास मध्ये घ्यावा लागतो. तेव्हा करार कंपनी, न्यास आणि ग्रामसभा असा तिघांचा करा. माणसं नेमण्याचा आणि खरेदीचा अधिकार ग्रामसभेकडे ठेवा. प्रशासकीय खर्चाची ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. ती न्यासावर लादली, की हिशेबनीसाचा पगार सर्वांत आधी कापला जातो.

परदेशातल्या मराठी देणगीदारांनी पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची ठरते. परकीय निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी संस्थेला दुसऱ्या कोणाकडेही वळवता येत नाही, ग्रामसभेच्या खात्यातही नाही. तो संस्थेने थेट खर्चायच्या कामांना द्या: प्रशिक्षण, जीपीएसने हद्दीची मोजणी, व्यवस्थापन आराखडा.

अंदाजपत्रकात रोपलागवडीला मोठा आकडा असतो, कारण रोपांचे फोटो निघतात. गावाची अडचण बहुधा वेगळी असते: हिशेब लिहिणारा मुलगा, वणवा विझवणारी आणि जंगल राखणारी माणसं, बैठकीचं जेवण, तालुक्याच्या फेऱ्या. या बाबी आधी लिहा.

मुदत एका वर्षाची नको. सीएसआरमध्ये अनेक वर्षांचा ('ऑनगोइंग') प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. हिशेबनीसाचं मानधन पहिली दोन वर्षं पूर्ण द्या, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, चौथ्या वर्षी एक तृतीयांश. उरलेला वाटा ग्रामसभा तेंदू-बांबूच्या उत्पन्नातून घालेल, हे पहिल्याच ठरावात लिहून घ्या.